भरती न होता दारू सोडायची असेल तर: ओपीडीतले उपचार कसे असतात आणि ते पुरेपूर कसे घ्यायचे

माझा थोरला भाऊ रिक्षा चालवतो. गाडीचा हप्ता, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि घरात कमावणारा तो एकटा. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहा म्हटलं की दादाचं उत्तर ठरलेलं असायचं: "हप्ता कोण भरणार?" चार वर्षं आम्ही याला पळवाट समजत होतो. अर्धी पळवाट होतीही, पण अर्धं खरं होतं. शेवटी एका नर्सबाईंनी वहिनीला सांगितलं की भरती न होताही उपचार घेता येतात. ठरलेल्या दिवशी ओपीडीत जायचं, तपासून घ्यायचं, बोलायचं, औषधं घेऊन घरी यायचं. तोवर आमच्या घरात कुणालाच हे माहीत नव्हतं.

माहीत नसणारे आम्ही एकटे नव्हतो. केंद्र सरकारने 'एम्स'कडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळतो, असं त्यात आहे. भरती होऊन उपचार घेणारे तर १८० मध्ये एक. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा रस्ता ओपीडीतून जाऊ शकतो, म्हणून हे सगळं लिहितो आहे. दादाला सोडून पाच वर्षं झाली. मधे दोनदा घसरला, तेही लिहिणार आहे. आता मी इतरांच्या घरच्यांबरोबरही ओपीडीत जातो, त्यामुळे लोक कुठे अडतात ते रोज दिसतं.

आधी हे ठरवा: ओपीडी चालेल की भरतीच हवी?

हा निर्णय डॉक्टरांचा. पण त्यांना खरी माहिती मिळाली तरच तो बरोबर होतो, आणि ती देणं घरच्यांच्या हातात असतं. पुढच्यापैकी काहीही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा: पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती, भास झाले होते, भिंतीवर किडे किंवा नसलेली माणसं दिसली होती, कावीळ, पोटात पाणी किंवा रक्ताची उलटी झाली आहे, हृदयाचा आजार आहे, झोपेच्या गोळ्याही चालू आहेत, आत्महत्येचं बोलणं किंवा प्रयत्न झाला आहे, घरात लक्ष ठेवायला कुणीच नाही. अशा माणसाला सुरुवातीचे दिवस भरती करणंच सुरक्षित असतं. नंतरचे उपचार मात्र त्याचेही ओपीडीतच होतात. केंद्रात महिना काढून आलेल्याला खरी गरज लागते ती घरी आल्यावरच्या पहिल्या वर्षात, आणि नेमकी तेव्हाच ओपीडी बंद केली जाते.

एक गोष्ट ठासून सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने "उद्यापासून एकदम बंद" असं घरच्या घरी, औषधाविना करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते. फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो: माणूस बडबडतो, घरच्यांना ओळखत नाही, ताप येतो. यात जीव जाऊ शकतो. "नाटकं करतोय" म्हणून खोलीत कोंडून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. सरळ रुग्णालयात न्यायचं.

कुठे जायचं

पहिलं ठिकाण जिल्हा रुग्णालयाचा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. काही सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचाराची स्वतंत्र सोय असून तिथे औषधं मोफत मिळतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही ओपीडी आहे. नाव ऐकून लोक मागे फिरतात, पण ओपीडीत येणाऱ्याला कुणी धरून ठेवत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

संस्थांमध्ये पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीवर उभं केलं. ते मुळात राहून उपचार घेण्याचं केंद्र, पण पाठपुरावा आणि घरच्यांसाठीचं काम ही त्याची मोठी ताकद आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' अभियानाने तालुक्याच्या गावी व्यसन उपचार क्लिनिक नेलं. दुर्गम भागातल्या माणसाला बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं हेच उपचारांतले मोठे अडथळे असतात, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर फोन करा. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत.

पहिली भेट

सोबत आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. साखर, बीपी, वैद्याचं चूर्ण, झोपेची गोळी, सगळं. सकाळी लवकर पोचा आणि पिणाऱ्याला नाश्ता करून न्या. तो आदल्या रात्री प्यायला असेल तरी न्या. "आधी दोन दिवस बंद कर, मग डॉक्टरकडे जाऊ" या अटीपायी महिने जातात.

आमची पहिली भेट अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळचे साडेनऊ. केसपेपरवर सही करायला दादाने पेन हातात घेतलं आणि हात इतका थरथरत होता की त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. खिडकीतल्या बाईंनी काही न बोलता पॅड त्याच्याकडे सरकवलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यावर दादा आत गेला, नाहीतर त्या दिवशी तो परतला असता.

आत काय विचारतात? काय पिता, किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली, सकाळी उठल्यावर लागते का. बऱ्याच ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी घेतात. तिचे गुण शून्य ते चाळीस. आठ किंवा त्याहून जास्त आले की पिणं धोक्याच्या दिशेने चाललेलं, आणि वीस किंवा अधिक म्हणजे बहुधा शरीर दारूवर विसंबलेलं. मग यकृत, रक्त, साखर आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. सुईने नशा करणाऱ्यांची एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचीही.

आकडा खरा सांगा. "एक क्वार्टर" सांगून तीन पिणाऱ्याला डॉक्टर एका क्वार्टरच्या हिशोबाने औषध देतात, आणि ते अपुरं पडलं की फिट येऊ शकते. वहिनीने एक शहाणपणा केला होता. आठवडाभराच्या रिकाम्या बाटल्या मोजून आकडा चिठ्ठीवर लिहिला होता आणि चारचौघांत न वाचता डॉक्टरांच्या हातात दिला.

पहिले दहा दिवस

या दिवसांत शरीरातली दारू उतरवण्यासाठी काही दिवस गोळ्या देतात. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम अशा गटातल्या, आणि यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम. मात्रा सुरुवातीला जास्त असते, मग रोज कमी करत थांबवतात. या गोळ्यांचीही सवय लागते. म्हणून त्या घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे राहू द्या आणि मोजून, वेळेवर द्या. मेडिकलमधून परस्पर वाढवून आणू नका. यांच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. गोळ्या चालू असताना गाडी किंवा यंत्र चालवायचं नाही. नऊ दिवस दादाची रिक्षा दारात उभी होती. त्या महिन्याचा हप्ता मी भरला, आणि आजवर खर्च केलेल्या पैशांपैकी सर्वांत योग्य जागी गेलेले ते पैसे आहेत.

दुसरं औषध बी-१, म्हणजे थायमिन. स्वस्तातली साधी गोळी किंवा इंजेक्शन म्हणून लोक ते मनावर घेत नाहीत. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आपल्याकडे अशक्तपणा आला की "एक बाटली लावून घेऊ" म्हणायची पद्धत आहे. गावातल्या डॉक्टरकडे अशी वेळ आलीच, तर हा माणूस रोज पिणारा आहे हे आधी सांगा.

खायला मऊ भात, वरण, पेज, ताक. पाणी भरपूर. खोलीत दिवा चालू, पाहुणे नकोत, उपदेश तर नकोच. दर दोन-तीन दिवसांनी ओपीडीत बोलावतात किंवा फोनवर विचारपूस करतात, ती भेट चुकवू नका. फिट, भ्रम, ताप, रक्ताची उलटी किंवा छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

तल्लफ कमी करणारी औषधं

थरथर थांबली की माणसाला वाटतं, झालं, बरा झालो. खरा उपचार इथून सुरू होतो. तल्लफ कमी करणारी औषधं आहेत आणि ती सवय लावणारी नाहीत. नालट्रेक्सोनमुळे प्यायल्यावर येणारी मजा कमी होते. अफूवर्गीय वेदनाशामक घेणाऱ्याला ते चालत नाही, म्हणून ऑपरेशन ठरलं तर त्या डॉक्टरांना नक्की सांगा. अकॅम्प्रोसेट बहुतेकांना दिवसातून तीनदा घ्यावं लागतं. यकृतावर त्याचा भार पडत नाही, मूत्रपिंड मात्र तपासून घ्यावं लागतं. बॅक्लोफेन काही जणांना देतात, ते मनाने एकदम बंद करायचं नाही.

डायसल्फिरामबद्दल जरा थांबून लिहितो. हे घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली येणं असा त्रास होतो, कधीकधी जीवघेणा. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. ज्याला सगळं समजावून सांगितलं आहे, ज्याने स्वतः होकार दिला आहे आणि जो घरच्यांसमोर रोज गोळी घेतो, त्याला याचा छान उपयोग होतो. पण "न सांगता दारू सोडवा, चहात मिसळा, भाजीत घाला" अशा जाहिरातींच्या पुड्यांमध्ये काय असतं कुणी सांगत नाही. आई-बायका काकुळतीला येऊन त्या घेतात, त्यांचं दुःख मला कळतं. तरीही हात जोडून सांगतो, हे करू नका. नकळत दिलेल्या औषधावर तो प्यायला तर त्याचा जीव धोक्यात येतो, आणि कळलं तर घरच्या हातचं अन्नही तो संशयाने खातो. ज्यांना संमतीने हे चालू आहे त्यांनी खोकल्याची औषधं, टॉनिक आणि द्राक्षासवासारखी आसवं-अरिष्टं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांत अल्कोहोल असू शकतं.

गर्द (ब्राउन शुगर) किंवा इतर अफूवर्गीय नशेसाठी ब्यूप्रेनॉर्फिन देतात, जिभेखाली विरघळवायची गोळी. काही केंद्रांत ती नर्ससमोरच घ्यावी लागते, म्हणून रोजची फेरी होते. उपचार अनेक महिने, कधी वर्षं चालतो. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं घरचे म्हणतात. पण या गोळीवर माणूस कामावर जातो, सुई टाकतो, चोरी थांबवतो, जगतो. आणखी एक: काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. तेव्हा जुन्याच प्रमाणात परत घेतली तर मृत्यू येऊ शकतो. हे रुग्णाला आणि त्याच्या मित्रांना उघडपणे सांगा.

तंबाखू-खर्ऱ्यासाठी याच ओपीडीत निकोटीनची च्युइंगम वगैरे मदत मिळते. फोनवरून मदत हवी तर १८००-११-२३५६.

समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत

दादालाही आधी तसंच वाटायचं. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार वेळा ठरवून बोलायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा ज्यांना हे समुपदेशन मिळालं त्यांच्यातल्या ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, न मिळालेल्यांत २६ टक्के. ही माणसं पूर्ण आहारी गेलेली नव्हती, हेही लक्षात घ्या. आहारी गेलेल्याला चार भेटी पुरत नाहीत. पण बोलणं हा औषधाइतकाच उपचार आहे.

दादाच्या समुपदेशक मॅडमनी त्याला दोनशे पानी वही आणायला लावली. तल्लफ आली की तारीख, वेळ, जागा, सोबत कोण, आणि दहापैकी किती जोराची हे लिहायचं. एक पान असं आहे: "मंगळवार, संध्याकाळी ६.४०. स्टँडवर पाऊस. दीड तास भाडं नाही. दुपारी जेवलो नाही. ८." तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर त्यालाच दिसलं की आठ-नऊचे आकडे बहुतेक उपाशी पोटी, संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, खिशात रोख असताना. मग उपायही तसेच निघाले. सहा वाजता घरून आलेला डबा खायचा. रिक्षातला पैसे घेण्याचा क्यूआर कोड वहिनीच्या खात्याचा लावायचा, हे त्याने स्वतः सुचवलं. घरी येताना गुत्त्यावरून न येता मागच्या रस्त्याने यायचं, दीड किलोमीटर जास्त पडलं तरी.

तल्लफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो: चालायला लागणं, फोन करणं, पोटभर पाणी पिणं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चौघांवर नजर ठेवायला शिकवतात. नकार देण्याचा सरावही करून घेतात. मॅडम मित्र व्हायच्या आणि आग्रह करायच्या, "अरे, आज तरी घे!" आणि दादाने म्हणायचं, "मी सोडलीय. चहा सांग." कारणं द्यायची नाहीत, औषध चालू आहे असंही नाही, कारण कारणावर वाद घालता येतो.

घरच्यांनी काय करायचं

बहुतेक ओपीडी घरच्यांनाही बोलावतात. न बोलावल्यास तुम्ही वेळ मागा. आमच्या आईला दादा दारात आला की त्याचं तोंड हुंगायची सवय होती. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, "आजी, त्याने रोज गोळी तुमच्यासमोर घ्यायची, एवढीच तपासणी. बाकीची बंद." आईला फार जड गेलं, पण तिने पाळलं. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, नातेवाइकांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. वहिनी अशा सभेत पहिल्यांदा गेली आणि रडून आली. चौदा वर्षांत तिला "तू कशी आहेस?" असं तिथेच पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. मारहाण होत असेल तर मात्र तो सुधारायची वाट पाहू नका. स्वतःला आणि मुलांना आधी सुरक्षित करा. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

पिणं सोडणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा बऱ्याच शहरांत होतात. फी नाही, नाव विचारत नाहीत. काहींना तिथलं देवाचं बोलणं भावत नाही. तरी तीन वेगवेगळ्या सभांना बसून पाहा, मग ठरवा. संध्याकाळी सात वाजता जाण्यासारखी एक जागा मिळते, हेच कित्येकांना तारून नेतं.

घसरल्यावर

चौथ्या महिन्यात दादा मित्राच्या हळदीला गेला आणि प्यायला. मग लाजेने त्या आठवड्याची ओपीडीची तारीख चुकवली. पुढचीही. तीन आठवड्यांत पिणं जुन्या पातळीवर आलं. एक संध्याकाळ त्याला घसरवून गेली होती, पण तीन आठवडे वाया गेले ते तारीख चुकवल्यामुळे. शेवटी मी त्याला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "बरं झालं आलात. कधी, किती, कुणाबरोबर?" आणि लिहायला लागले. रागावले नाहीत. पुन्हा काही दिवस उतरवायच्या गोळ्या लागल्या, कारण रोजचं पिणं सुरू झालं होतं. दुसऱ्यांदा घसरला ते दीड वर्षाने, आणि त्या वेळी दुसऱ्याच दिवशी स्वतःहून ओपीडीत जाऊन बसला. तो घोट एका रात्रीवर थांबला.

म्हणून घरात एक नियम आजच ठरवा आणि पिणाऱ्याला शुद्धीत असताना सांगा: प्यायलास तरी तारखेला जायचं. त्या दिवशी भांडण नाही.

पैसे, गुप्तता, आणि पुढचे महिने

खाजगीत जाणार असाल तर दर भेटीची फी, तपासण्या आणि महिन्याची औषधं मिळून किती होईल ते आधीच विचारा. वर्षभर झेपणार नसेल तर सुरुवातीपासून सरकारी ओपीडी धरा. आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये व्यसनाचे उपचार वगळलेले असतात, त्यामुळे कागद नीट वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. मालकाला किंवा सोयऱ्यांना ओपीडीतून कुणी काही कळवत नाही.

भेटी साधारण आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने होत जातात. "आता बरं वाटतंय" म्हणून औषध स्वतः बंद करायचं नाही. कधी आणि कसं कमी करायचं ते डॉक्टर सांगतात. बाहेरगावी जाताना गोळ्या आणि चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत ठेवा. झोप लागत नाही, उदास वाटतं, चिडचिड होते, हे पहिल्या वर्षात बऱ्याच जणांना होतं आणि त्यावरही तिथेच उपचार मिळतात, फक्त सांगावं लागतं.

दादाची औषधं सव्वा वर्षाने थांबली. आता तो तीन महिन्यांनी एकदा जातो, आणि त्याखेरीज गटारी अमावस्येच्या आधीच्या आठवड्यात आणि डिसेंबरच्या शेवटी स्वतः फोन करून जास्तीची वेळ मागून घेतो. वही चौथी चालू आहे. गेल्या पानावरचा आकडा दोन होता.